पाहाले का छापाले?

"पाहाले पाह्यजे का छापाले?"

दुकानात कोणीही फोटो घेऊन आलं, की ते आधी हेच विचारायचे. उजवा तळहात समोर उघडा धरायचे, जणू फोटो त्यावरच ठेवायचा आहे. "या, बसा" त्यानंतर.

बाळांनो, वणीच्या बसस्थानकामागे त्यांचं फोटो छापायचं दुकान होतं. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. आपल्या गावची धूळ तुम्हाला माहीत आहे. कोळशाचे ट्रक जातात आणि पुसलेलं टेबल तासाभरात काळं होतं. भाऊ स्कॅनरची काच जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पुसत आणि पुटपुटत, "कोळसा साऱ्या गावाले पोसते, माह्या काचेशीच काहून वैर करते, काय मालूम."

एकदा मी तिथे बसले असताना एका नवरदेवाचे मामा आले. त्यांना मांडवाच्या दारावर वीस फुटी फ्लेक्स हवा होता आणि फोटो होता व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरून आलेला.

"मोबाइलवर तर झकास दिसते ना भाऊ!"

"मोबाइलवर नवरदेव बोटाएवढा आहे मामाजी. तुमी त्याले बैलगाडीएवढा करून राह्यले. नाकाच्या जागी नुसत्या विटा दिसतीन. पोरगी मांडवातून वापस जाईन."

मामा तणतणत गेले. दुसऱ्या दिवशी फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाईल घेऊन मुकाट्याने हजर झाले.

माझीही शिकवणी तिथेच झाली. शाळेच्या वार्षिकासाठी मी बोधचिन्ह नेलं होतं. त्यांनी ते पडद्यावर मोठं केलं आणि बोट ठेवलं. "कडेले मुंग्या लागल्या पाहा बाई." चष्मा लावून पाहिलं, तर खरंच प्रत्येक अक्षराभोवती बारीक ठिपक्यांची रांग. ते म्हणाले, अक्षरं-रेघा पडद्यावर दाखवायच्या तर पीएनजी ठेवा, कडा स्वच्छ राहतात. फोटो कोणाला धाडायचा तर जेपीजी, तो हलका. छापायचा आणि जपायचा तर टिफ. मी हे डायरीत लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, "पण का?"

"जेपीजी म्हंजे भाकर मोडून डब्यात कोंबली बाई. नेता येते, खाताही येते. पन तिची पुन्हा गोल भाकर होत नाही. टिफ म्हंजे आख्खी भाकर. जागा लागते तिले."

इतकं स्वच्छ मी चाळीस वर्षांत काही शिकवलं असेल, असं वाटत नाही.

तुमच्या आजोबांचा एक जुना फोटो होता. वय सत्तावीस, खाणीवर मोजणीच्या दुर्बिणीशेजारी उभे, आणि हसताहेत. आजोबा फोटोत कधी हसत नसत. पुढचा डावा दात तिरपा होता, म्हणून. हा एवढा एकच. त्यावर बुरशी चढायला लागली, तेव्हा मी तो भाऊंकडे नेला. आठ दिवस ते एकेक डाग काढत बसले. मग पेनड्राइव्हवर दोन फायली दिल्या. "ही हलकी, नातवाईले धाडाले. ही जड. जड ते जपा बाई."

हलकी मी तुम्हाला त्याच संध्याकाळी पाठवली. जड फाईल माझ्या फोनवर उघडेना, कॉम्प्युटरही कुरकुरायचा. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. एकच वस्तू दोनदा घरात असली, की मला चैन पडत नाही. एका दुपारी मी आवराआवर केली आणि जड फाईल पुसून टाकली. सगळीकडून पुसली, नीट, काही मागे न ठेवता. पुढच्या पावसाळ्यात मूळ फोटो असलेल्या अल्बमला वाळवी लागली. तेव्हाही मी शांत होते. फोटो कॉम्प्युटरमध्ये आहे ना, म्हटलं.

आजोबा गेले आणि भिंतीवर लावायला मला तोच फोटो हवा होता. मी पेनड्राइव्ह भाऊंच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो लावून पाहिला. "जड कुठं आहे बाई?"

मी सांगितलं. मग त्यांनी तीन दिवस आपल्या जुन्या सीडी धुंडाळल्या. ज्या कॉम्प्युटरवर काम केलं होतं, तो उन्हाळ्यात जळाला होता. चौथ्या दिवशी ते स्वतः घरी आले आणि दारातच म्हणाले, "माही चूक झाली बाई. मी एक कापी ठेवाले पाह्यजे होती."

चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा.

मी हळहळले, तेव्हा तुम्ही कुठल्याशा ॲपने तो फोटो मोठा करून पाठवलात. केस न् केस वेगळा, गाल तुकतुकीत. मला तो आवडला, हे कबूल करते. मोठ्या आनंदाने भाऊंना दाखवला.

त्यांनी फोन हातात घेतला, जरा लांब धरला.

"हे कोन आहेत बाई?"

थट्टा नव्हती ती. मी पुन्हा पाहिलं. दात सरळ होता.

"मशिनीले साहेबाचा दात माहीत नाही," ते हळूच म्हणाले. "तिनं आपल्या मनानं बसवला. पोराईनं मायेनं केलं, त्याईले बोलू नका."

म्हणून तेव्हा बोलले नाही.

त्यांनी हलक्या फाईलचाच फोटो छापला, पोस्टकार्डाएवढा. "याच्याहून मोठा केला तर साहेब राहनार नाहीत, विटा राहतीन." भोवती रुंद पांढरी चौकट केली. लावायलाही तेच आले. मी दारावरची जागा दाखवली, तर मान हलवली. "तिथं कोनाले दिसतीन ते? लहान फोटोपाशी मानसानं जवळ यावं लागते." खुर्चीशेजारच्या भिंतीला ते पाठ टेकून उभे राहिले, डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलने खूण केली आणि खिळा ठोकला. ते माझ्याहून वीतभर बुटके होते. मला तेव्हा सांगवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊंना छातीत दुखायचं निमित्त झालं. नागपूरला नेताना वाटेतच गेले. मला चार दिवसांनी कळलं. शाळेचं निमंत्रणपत्र छापायला गेले, तर शटर खाली होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.

खिळा मी हलवलेला नाही. सकाळी धूळ पुसताना मला थोडं वाकावं लागतं. तुम्ही दोघंही खूप उंच झाला आहात म्हणे. तुम्हाला बरंच वाकावं लागेल.