आधी ताट, मग सुई

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही उदगीरकर दोन गोष्टींची वाट बघत होतो, टँकरची आणि जिल्ह्याची. उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चौकात कापडाचं दुकान. तिथं गिऱ्हाईक कमी आणि जिल्ह्याची चर्चा जास्त. घरात काहीही बिघडलं की अप्पांचं उत्तर ठरलेलं, "जिल्हा होऊ दे, मग बघू." मला त्या वाक्याचा संताप यायचा, कारण त्या वर्षी बिघडली होती ती माझ्या आईची तब्येत.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिला साखरेचा आजार जुना. गोळ्या पुरेनाशा झाल्या म्हणून इन्सुलिनची सुई चालू झाली होती. लातूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, सकाळी साडेसातला सुई आणि लगेच जेवण. अव्वा शाळेत गेलेली नाही, पण वेळेच्या बाबतीत आमच्या हेडमास्तरांपेक्षा कडक. साडेसात म्हणजे साडेसात.

तरी तिला सकाळी चक्कर यायला लागली. एकदा शेजारणीला ती उंबऱ्यात घामाने निथळत बसलेली सापडली. बोलताना जीभ अडखळत होती. शेजारणीने तोंडात साखर कोंबली तेव्हा ती माणसात आली. मी सकाळच्या शाळेत शिकवायला गेलेली, अप्पा दुकानात. इतकी वर्षं साखर वाढेल म्हणून धास्ती घेतली आणि आता ती उतरत होती. मला मनापासून भीती वाटली. एखाद्या दिवशी शेजारीण डोकावली नाही तर?

डॉक्टरांनी सुईचा डोस कमी केला. चक्कर थांबेना.

"सुई घेतल्यावर लगेच जेवता ना?" त्यांनी विचारलं.

"हाव, लगेच," अव्वा म्हणाली. शेजारी बसून मीही मान डोलावली.

मग ते म्हणाले की कदाचित यांचं शरीर पुन्हा स्वतःचं इन्सुलिन बनवायला लागलं असेल. तसं असेल तर सुई आणखी कमी करू, कदाचित बंदही करता येईल. बंद हा शब्द ऐकून अव्वाने पदर सावरला आणि खुर्चीत पुढे सरकली. सुया टोचून तिच्या पोटावर निळे डाग पडले होते. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही, पण मला दिसायचे.

"मग रक्तातलं इन्सुलिनच मोजा की," मी शहाणपणा केला.

"मोजता येतं," डॉक्टर म्हणाले, "पण सुईतलं किती आणि यांचं स्वतःचं किती, ते त्यातून कळणार नाही. तुमच्या हौदातलं पाणी मोजलं तर टँकरचं किती, बोअरचं किती, सांगता येईल का?"

"न्हाई," अव्वा म्हणाली. ती माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

"पण बोअरच्या पाण्याबरोबर गाळ येतो. टँकरच्या पाण्यात तो नसतो. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत एक तुकडा रक्तात सुटतो, त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. सुईतून तो येत नाही. आपण गाळ मोजायचा."

त्या तपासणीसाठी अव्वा उपाशीपोटी लातूरला गेली. रक्त काढेपर्यंत सुईही घेतली नाही. काही दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आधी साखरेचा आकडा दाखवला. तो चांगलाच चढलेला होता. इतकी साखर दिसल्यावर शरीराने जोर लावून इन्सुलिन सोडायला हवं होतं, पण सी-पेप्टाइड अगदी नावापुरतं निघालं.

"म्हंजे माझा बोअर आटला," अव्वा म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. सुई आता कायमची, असं ते हळू आवाजात म्हणाले. चक्कर का येते ते मात्र त्यांनाही सांगता येईना. एसटीत अव्वा खिडकीकडे तोंड करून बसली. उदगीर जवळ आल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "आपल्या परसातला बोअर गेला, तसाच."

घरी अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जिल्हा होऊ दे. मोठा दवाखाना इथंच होतो." मी त्यांच्यावर इतकी ओरडले की ते चप्पल घालून बाहेर निघून गेले.

पुढच्या रविवारी मी घरी होते. साडेसातला अव्वाने सुई घेतली आणि भिंतीला टेकून बसली. चुलीजवळ भाकरी झाकून ठेवलेली.

"जेव की," मी म्हटलं.

"पूजा व्हायची हाय."

"मग कर."

"आंघोळ व्हायची हाय."

"मग कर ना, अव्वा."

"पानी कुठाय? दोन बादल्या. एक अप्पांची झाली, एक तुझी. टँकर येईल आता."

मी घड्याळाकडे बघत राहिले. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अव्वा पाण्याचा घोटही घेत नाही. आम्हा लिंगायतांत ते सांगण्यासारखं काही नाही, म्हणून डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिचं 'लगेच' म्हणजे पूजा झाल्यावर लगेच. नळाला पाणी होतं तेव्हा आंघोळ, पूजा आणि जेवण लागोपाठ व्हायचं. आता टँकर कधी नऊला यायचा, कधी अकराला, आणि ती सुई टोचून त्याची वाट बघत बसायची.

"अगं, आंघोळीऐवजी भस्म लावूनही पूजा चालते म्हणतात."

"ते आजारी मानसाला. मी काय आजारी हाय का?"

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागून आणलं, अव्वाने त्यातच अंग पुसून पूजा केली आणि जेवली. मग मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी ताट, मग सुई. ताट समोर आल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. पण ताटाला अकरा वाजवू नका, तेवढ्यात साखर चढेल."

म्हणजे तिला पाणी सकाळीच हवं होतं. संध्याकाळी हे अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी जिल्ह्याचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघताना अप्पा ओल्या पंच्याने अंग पुसून, कपाळाला भस्म लावून दुकानाच्या किल्ल्या शोधत होते. न्हाणीत त्यांची बादली भरलेली तशीच होती.

"आंघोळ न्हाई केली?" अव्वाने विचारलं.

"तू करून घे," अप्पा म्हणाले. "मी जिल्हा झाल्यावर करतो."

अव्वा मग लुगडं घेऊन न्हाणीत गेली. इतक्या वर्षांत ती कधी अप्पांच्या आधी न्हाली नव्हती. मी शाळेला उशीर करून तिचं ताट वाढलं आणि मग सुई आणून दिली.

पुढे पाऊस झाला, नळही आले. सुई अजून चालू आहे, चक्कर मात्र परत आली नाही. जिल्हा अजून झालेला नाही, आणि अप्पा अजूनही सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करतात.