सुकाच्या सांडव्याची सुतळी

दुष्काळाच्या त्या वर्षी माघात मी भडगावहून एसटीने जळगावला आणि तिथून सुरतेकडच्या पॅसेंजरने नरडाण्याला निघालो. नरडाण्याजवळ माझा धाकटा भाऊ सुका सासुरवाडीत राहत होता. त्याला घरी परत आणायचं होतं.

गाव त्याने सोडलं ते माझ्यामुळे. आमची वावरं उताराला. माझं वर, त्याचं खाली. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला मी बांध घातला. सुका म्हणाला होता, सांडवा ठेव, जास्तीच्या पाण्याला दगडी वाट दे. मी म्हटलं, आभाळाचं पाणी फुकट का सोडू? पोळ्याच्या पावसात बांध फुटला आणि त्याच्या वावरातली माती मुरमापर्यंत धुऊन गेली. तो भांडला नाही. बैल सोडले, बायकोला घेतलं आणि गेला. त्याला सहा वर्षं झाली होती.

गाडीतून पाहावं तिकडे जमीन उघडी. रस्त्याच्या कामावर माणसं खडी फोडत होती. मी तिसरीपर्यंत शिकलेला. पाटीवरची अक्षरं जुळेपर्यंत गाडी सुटेल म्हणून घाई केली आणि एक स्टेशन आधीच, बेटावदला उतरलो. स्टेशनाबाहेरचा मारवाडी दुकानदार म्हणाला, "आबा, नरडाणा पुढे. डब्यात कोणाला तोंड नव्हतं का?"

"मला होतं," मी म्हटलं. "उघडलं नाही."

त्याने तांब्याभर पाणी दिलं. त्या वर्षी ते थोडं नव्हतं. पुढे चालत गेलो.

ऊन कलताना सुकाचं वावर दिसलं. नाल्यात आडव्या दगडांच्या ओळी, त्यांच्यामागे काळा गाळ आणि गाळात कमरेइतकी दादर (रब्बीची ज्वारी). प्रत्येक ओळीच्या कडेला सांडवा. मी तिथेच बसलो.

"भाऊ, कसा शेस?" सुका आला. केस पांढरे झाले होते.

भावजयीने भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवताना मी म्हटलं, "सुका, घरी चल."

"तठे मनी माती कोठे शे, भाऊ?" (तिथे माझी माती कुठे आहे?)

चूक माझी होती, हे शब्द तोंडाशी आले. ते मी भाकरीबरोबर गिळले.

"बांध परत घाला का?" (घातलास का?) त्याने विचारलं.

"घातला."

"सांडवा?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो हसला, सुतळी घेऊन उठला. आपल्या सांडव्याची रुंदी मोजून त्याने गाठ मारली, मग हातभर पुढे दुसरी. "तुना उतारले हातभर जास्ती लागी." (तुझ्या उताराला हातभर जास्त लागेल.) सहा वर्षांनीही त्याला माझा उतार पाठ होता.

सकाळी एकटाच परतलो. दुसऱ्या गाठीपर्यंत सुतळी ताणून सांडवा बांधला. जास्तीचं पाणी आता शांतपणे खालच्या, सुकाने सोडलेल्या वावरात उतरतं. तिथे मीही दगडांच्या ओळी रचल्या आहेत. तीन पावसाळ्यांत तीन बोटं गाळ बसला. दादरीला हातभर माती लागते. ती होईल तेव्हा त्याला बोलवायला जाईन, असं ठरवलं होतं. तेवढे पावसाळे मला मिळणार नाहीत. म्हणून अक्षरं जुळवत लिहून ठेवतो. चूक माझी होती, आणि त्या वावरात बसलेली माती सुकाची आहे.