खलनायक नसलेली गोष्ट

उत्तरपत्रिका माझ्यासमोर सरकवून मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे वाचा आणि सांगा, ही मुलगी बोर्डाला बसवायची का?"

वाचायची गरज नव्हती. पेपर मीच तपासला होता. प्रतीक्षा, दहावीची, बपेरा गावाहून सायकलने येणारी. चाचणीत एक छोटी कथा दिली होती. शहरातला मुलगा म्हाताऱ्या वडिलांना न्यायला येतो, एसटी उभी असते आणि वडिलांचा पाय गावातून निघत नाही. कथेतला संघर्ष ओळखा, असा प्रश्न होता. प्रतीक्षाने लिहिलं होतं, 'या कथेत कंडक्टर खलनायक आहे. तो घाई करतो. त्याला शेवटी शिक्षा व्हायला पाहिजे होती.'

मला हसू आलं होतं. सरांना आलं नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागत होता आणि गेटवर तसा फ्लेक्स होता. सरांचं म्हणणं, तिचं नाव कमी करून सतरा नंबरचा फॉर्म भरून घ्या. म्हणजे मुलीने घरी अभ्यास करून खाजगी परीक्षा द्यायची, तिचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही. कागदावर सोय चांगली आहे. पण आमच्याकडे घरी बसलेली पोरगी पुन्हा पुस्तक उघडत नाही, तिच्यासाठी स्थळं बघायला लागतात. हे मी नोकरीत पुरेसं पाहिलं आहे. मी म्हटलं, फॉर्मची मुदत संपेपर्यंत तिला माझ्याकडे सोडा, मग तुम्हीच तपासा. सर नाखुशीने हो म्हणाले.

मधल्या सुट्टीत तिला विचारलं, कंडक्टरच का?

"मॅडम, खलनायक नाई तं भांडण कोनाशी होईन? नाटकात तं असतेच."

बरोबर होतं तिचं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात. पोस्टरवर हिरोएवढाच मोठा फोटो खलनायकाचा असतो. त्यावरच वाढलेली पोर गोष्टीत खलनायक शोधणारच.

मी रीतसर सुरुवात केली. कथानक म्हणजे घटनांची साखळी. पात्र म्हणजे गोष्टीतली माणसं. संघर्ष म्हणजे दोन ओढी, माणसांमाणसांत किंवा एकाच माणसाच्या मनात. दुसऱ्या दिवशी तिने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. नवी कथा दिली, तर तिच्यातल्या गरीब सासऱ्याला खलनायक ठरवून मोकळी झाली. मला राग आला, तिचा नाही, माझ्या व्याख्यांचा. हट्टाला पेटले की मी माझंही ऐकत नाही. पुस्तक मिटलं आणि तिला विचारलं, चाचणीला तू उशिरा का आलीस?

त्या दिवशी त्यांच्या बांधीत, धानाच्या खाचरात, रोवणा होता, म्हणजे लावणी. रोपांचे पऱ्हे उपटून ठेवलेले. बाया ऐनवेळी कमी पडल्या. आई नुसती तिच्याकडे पाहत राहिली. ती चिखलात उतरली आणि अर्ध्यातून हात धुऊन शाळेत आली.

"मग यात खलनायक कोण? आई?"

"नाई जी. मायचं काय चुकलं? पऱ्हे वाया गेले असते."

"मग मी? मी पेपर ठेवला."

"तुमी बी नाई."

"मग जीव कशाला तुटत होता?"

ती म्हणाली, "दोनी खरं होतं मॅडम. म्हनून."

त्यानंतर मी तिला व्याख्या सांगितली नाही. म्हाताऱ्याची कथा तिने स्वतःच मागून घेतली, वाचली आणि कंडक्टरला सोडून दिलं.

मुदत संपत आली तशी सरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. फॉर्म टेबलावर होता. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "मी गोष्ट सांगतो. एक शाळा आहे, तिचा निकाल चांगला लागतो. तिथे एक मुलगी कच्ची आहे. हेडमास्तर तिचं नाव कमी करणार आहेत. संघर्ष सांग."

मला ते अजिबात आवडलं नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती बोलली. "हेडमास्तरले निकाल पायजे. पोरीले शाळा पायजे. दोघाइचं बी खोटं नाई."

"म्हणजे खलनायक मी नाही?"

"नाई सर. या गोष्टीत खलनायक नाई."

"आणि शेवट?"

"तो तुमच्या हातात हाय."

सर कोरा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकून म्हणाले, "जा, तास सुरू झाला असेल."

प्रतीक्षा पास झाली, मराठीत तर चांगल्या मार्कांनी. फ्लेक्स मात्र त्या वर्षी उतरवावा लागला. ज्याची कोणाला काळजीच नव्हती असा एक हुशार मुलगा विज्ञानात नापास झाला.

स्टाफरूममध्ये लगेच चर्चा सुरू झाली, दोष कोणाचा. मी चहा घेत ऐकत होते. निकाल घसरला की आम्ही मास्तर लोकही आधी कंडक्टर शोधतो.