बंदुकीच्या नळीतलं निळं पाणी

लग्न होऊन मी श्रीवर्धनजवळच्या त्या गावात आले, तेव्हा घरात बंदुका असतात याचीच मला धास्ती होती. माझे यजमान लष्करात बंदुका दुरुस्त करायला शिकलेले. स्वातंत्र्यानंतर ती नोकरी सुटली, आणि आसपासचे परवानेवाले शिकारी आपल्या बंदुका त्यांच्याकडे आणू लागले.

एका वैशाखात डोंगरातून बिबट्या उतरायला लागला. दोन शेळ्या गेल्या. मग पाणवठ्यावर एका बाईच्या खांद्यावर त्यानं पंजा मारला. गावात रायफल एकच, एका बागायतदारांची, आणि तिचा नेम चुकत होता.

"गोळीवरचं तांबं नळीत आतून बसलंय," यजमान मला म्हणाले. "ते काढल्याशिवाय गोळी सरळ जायची नाही."

दुपारी मागच्या पडवीत त्यांनी रायफल भिंतीला उभी केली. बोल्ट, म्हणजे गोळी उडवणारा मागचा दांडा, काढून ठेवला, नळीच्या खालच्या तोंडाला रबरी बूच मारलं आणि वरून नरसाळ्यानं अमोनियाचं औषध ओतलं. दारात उभी होते तरी माझे डोळे चुरचुरले.

"अर्ध्या तासात ओतून टाकायचं," ते म्हणाले. "आत सुकलं तर लोखंड खाईल."

थोड्या वेळानं औषध कमी वाटलं म्हणून त्यांनी पुन्हा बाटली उचलली. तोवर तिच्यावर ऊन येऊन आत वाफ कोंडली होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्यांनी बाटलीचं बूच ओढलं मात्र, फट्ट आवाज झाला आणि औषध उसळून त्यांच्या तोंडावर आलं. लष्करातला तो माणूस गुरासारखा ओरडला.

"पाणी! डोळ्यांत पाणी घाल!"

मी तांब्यासकट हंडाच उचलून आणला. ओरडा ऐकून शेजारच्या मुसलमान घरातल्या खाला धावत आल्या. त्यांनी यजमानांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटांनी पापण्या उघडून धरल्या. "रडू नको, वत तू पानी," त्या मला म्हणाल्या. मी ओतत राहिले. एक डोळा लालभडक, दुसऱ्यावर पांढुरकी साय धरल्यासारखी. मला वाटलं, झालं, हे आंधळे झाले.

आणि तशातच ते म्हणाले, "नळी... नळी रिकामी कर."

"अहो, मरू दे ती नळी!"

"उद्या बिबट्यासमोर कोण उभा राहणार? ऐक माझं. ती उडत नाही. बोल्ट बाहेर आहे."

तांब्या मी खालांच्या हातात दिला. ओला पदर नाकाशी बांधला आणि जन्मात पहिल्यांदा बंदुकीला हात लावला. रायफल भिंतीपासून उचलली. घमेल्यात उलटी केली, तर आतून मोरचुदासारखं निळंशार पाणी आलं. मी किंचाळले. मला वाटलं मी काहीतरी बिघडवलं.

"निळं आलं?" त्यांनी तिकडून विचारलं. "तेच तांबं. आता कढत पाणी घाल, मग गजाला चिंधी लावून कोरडी कर, मग तेल."

ते सांगत गेले, मी करत गेले. मग बैलगाडीतून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि आठ दिवस काहीच सांगता येणार नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बागायतदार रायफल न्यायला आले. यजमान पट्टी बांधून पडवीत बसलेले. मला म्हणाले, "मागच्या बाजूनं आत बघ. उजेडाकडे धर."

बंदुकीला डोळा लावायचा! तरी लावला. पलीकडे आभाळाचा वाटोळा तुकडा आणि त्याच्याभोवती पीळ घेत गेलेल्या चकचकीत रेघा.

"लालसर डाग कुठे?"

"नाही."

"मग दे त्यांना."

तिसऱ्या दिवशी बिबट्या पडला. आमच्या अंगणावरून त्याला मिरवत नेलं, पण मी बाहेर गेले नाही. यजमानांची पट्टी सुटली, तेव्हा डावा डोळा वाचला होता, पण त्याला बारीक दिसत नव्हतं. उजव्याला पुढे जन्मभर नुसता उजेड-अंधार कळला. शिकारी येतच राहिले, आणि नळीत बघायचं काम कायमचं माझ्याकडे आलं. सवय झाली म्हणतात लोक. मला ती कधी झाली नाही. दर वेळी डोळा लावण्याआधी मी त्यांना विचारायचे, "बोल्ट बाहेर आहे ना?"