‘कशाबरोबर?’ विचारणाऱ्या ओव्हाळबाई

ओव्हाळबाईंशी माझी ओळख झाली, तेव्हा मी खोटारडी ठरले होते. पिंपरीच्या आमच्या कंपनीत मी पॅकिंगला हंगामी होते. रक्त कमी म्हणून मला कंपनीच्या दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळत, पण तीन महिन्यांत रक्त तसूभर वाढलं नाही. पुढच्या तपासणीतही वाढलं नसतं, तर नोकरी कायम होण्याची आशा सोडावी लागली असती. डॉक्टरसाहेबांनी तर निकालच दिला, “ही गोळ्या फेकून देते.”

मी डोळे पुसत औषधांच्या खिडकीशी गेले. आत औषधं देणाऱ्या ओव्हाळबाई बसल्या होत्या. गोळी घेता का, असं सगळेच दरडावून विचारत. बाईंनी विचारलं, “कशाबरोबर घेता?”

“हिरड्याच्या काढ्याबरोबर. सासूबाई करतात. दुप्पट गुण येतो म्हणतात.”

बाईंनी सासूबाईंना काढा घेऊन बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्या पिंपळे गुरवहून आल्या, त्या भांडायच्याच तयारीने. बाईंनी एक गोळी कुटली आणि पेल्यातल्या काढ्यात टाकली. काढा काळाकुट्ट झाला.

सासूबाई बघतच राहिल्या. “आगं बया, ही तर शाई हाय. माह्यारी आमी हिरडा न् लोखंडाचा कीस घालून हीच करायचो.”

“हेच पोटात होतंय, मावशी. लोह हिरड्यात अडकतं, रक्तात उतरत नाही. काढा बंद करू नका. तो सकाळी द्या, गोळी संध्याकाळी लिंबूपाण्याबरोबर. चूक तुमची नाही. आम्हीच कधी विचारलं नाही.”

या शेवटच्या वाक्यासाठी मी बाईंना जन्मभर मानते. काढ्याला गावठी म्हणून नाक मुरडणारे आणि गोळीला विष म्हणणारे, दोघेही आमच्याकडे कमी नव्हते. बाईंनी दोघांनाही शहाणं केलं, तेही कुणाचा पाणउतारा न करता.

पुढच्या तपासणीत माझं रक्त वाढलं आणि मी कायम झाले. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांदेखत माझी माफी मागितली आणि खिडकीवर पाटी लावून घेतली: ‘औषध कशाबरोबर घेता, ते सांगा.’ ती पाटी वाचताना आजही माझी मान ताठ होते.

बाई आता साठीच्या झाल्या. त्यांना ठणठणीत प्रकृतीची आणखी चाळीस वर्षं तरी मिळावीत, एवढंच आम्हा पॅकिंगच्या बायकांचं मागणं आहे. सासूबाईंनी आजच्या साठीच्या समारंभासाठी काढ्याची बाटली दिली आहे. सोबत निरोपही आहे, “बाईंना म्हणावं, सकाळच्याला घ्या. गोळीबरोबर न्हाई.”