टेकतोय अजून

मीटिंग सुरू व्हायच्या आधी ते डावा हात टेबलावर ठेवायचे. पालथा, पंजा पूर्ण पसरून, सगळी बोटं लांब करून. मग मान वाकवून डोळा टेबलाच्या पातळीला आणायचे आणि तळव्याखालून कुठे उजेड दिसतोय का ते बघायचे. नाही दिसला की स्वतःशीच म्हणायचे, "टेकतोय अजून." आणि मग पंपाच्या ड्रॉइंगकडे वळायचे.

तुमच्याही ऑफिसात असेल असं कुणीतरी, ज्याच्या सवयीकडे सगळे बघतात आणि विचारत कुणी नाही. इथले गोरे तर मुळीच विचारत नाहीत. मी २०११ साली पुण्याहून ऑकलंडला आले, तिथल्या माउंट वेलिंग्टन भागात पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा मराठी आम्ही दोघंच होतो. मला काही गप्प बसवत नाही. तिसऱ्या-चौथ्या मीटिंगला मी विचारलंच, "काय बघता हो रोज? टेबल डुगडुगतंय का?"

"टेबल नाही मॅडम, मी," ते म्हणाले.

त्यांनी हात उलटा करून दाखवला. अनामिकेच्या मुळाशी तळव्यात एक कडक गाठ होती आणि तिथून करंगळीकडे कातडीखाली एक ताणलेली दोरी गेली होती. हळूहळू ती दोरी आखडते आणि बोटं आत ओढून घेते, असा तो आजार. "दुखत नाही अजिबात," ते म्हणाले. "दुखलं असतं तर बरं झालं असतं. भांडायला कुणीतरी समोर असतं." आणि मग हसून, "डबल बेसला चार तारा असतात. ही माझी पाचवी."

डबल बेस म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं. व्हायोलिनच्या घरातलं सगळ्यात थोरलं वाद्य, माणसापेक्षा उंच, उभं राहून वाजवायचं. ते मूळचे खडकीचे. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते. हे इंजिनिअर झाले, मुंबईला नोकरीला लागले, आणि संध्याकाळी एका हॉटेलच्या बँडमध्ये एका वयस्कर गोवेकर उस्तादाच्या हाताखाली बेस शिकले. पाहुणे जेवायचे, हे वाजवायचे. पुढे कीबोर्ड आले, कीबोर्डवाला डाव्या हाताने बेसचे सूर काढायला लागला, आणि हॉटेलने यांना नारळ दिला. मग लग्न, मुलगी, न्यूझीलंड. बेस मात्र बोटीने मागवून घेतला. वहिनी सांगायच्या, "माझं कपाट राहिलं मुंबईत. हा बाबा आला."

आणि इथे, पन्नाशीला टेकल्यावर, त्यांना हवा होता तसा बँड मिळाला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, ड्रम आणि हे. महिन्यातून एका रविवारी दुपारी एका पबच्या मागच्या खोलीत वाजवायचे. फक्त हार्ड बॉप. ते काय असतं म्हणून मी विचारलं, तर त्यांनी हातातलं सँडविच खाली ठेवलं. "पन्नासच्या दशकातला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा जॅझ. आधीचा जॅझ फार हुशार झाला होता. यांनी त्यात आईबापांची चर्चमधली गाणी परत आणली, ब्लूज आणला. डोकं वेगात पळतं, पण पाय जमिनीवर."

"आणि तुम्ही काय करता त्यात?"

"ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन पुढे भांडतात. मी मागे चालतो. मात्रेला एक पाऊल. मी फक्त चालतो. पण मी थांबलो ना, तर त्यांना भांडता येत नाही."

आजाराबद्दल मी त्यांच्या मागेच लागले होते. डॉक्टर काय म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरला विचारलं का, पुण्याला दाखवा, आयुर्वेद करा. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. इथले डॉक्टर म्हणाले होते की हात टेबलावर सपाट टेकतोय तोवर काही करायचं नाही. टेकेनासा झाला की ऑपरेशन. "म्हणजे बिघडायची वाट बघायची?" मला रागच आला. "तसंच," ते म्हणाले. हा आजार बहुतेक उत्तर युरोपातल्या लोकांना होतो म्हणे. डॉक्टरने त्यांना विचारलं, घराण्यात कुणी नॉर्वेकडचं होतं का. "मी म्हटलं, खडकीत तरी नव्हतं." आणि मला म्हणाले, "सिटिझनशिप अजून यायचीय मॅडम. आजार आधी दिला यांनी."

एका वर्षी इथल्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीच्या कार्यक्रमात त्यांना बोलावलं. मंडळाच्या सेक्रेटरीताई उत्साही बाई. स्वतः उत्तम गातात, शास्त्रीय शिकलेल्या. त्यांनी फोनवर सांगितलं, "सोलो करा, दहा मिनिटं." यांनी समजावून पाहिलं की बेस एकट्याचा नसतो, सोबत लागते. ताई म्हणाल्या, "अहो, होईल हो मॅनेज."

हॉलमध्ये बालगोपाळांचा नाच झाला आणि हे बेस घेऊन स्टेजवर उभे राहिले. डोळे मिटले, पायाने ताल धरला आणि सुरू केलं. धुम धुम धुम धुम. लोक छान ऐकत होते, म्हणजे गाणं कधी सुरू होतंय याची वाट बघत होते. आमच्याकडे जो तो मागे ट्रॅक लावून गाणारा. मिनिटभर नुसतं धुम धुम चाललेलं बघून सेक्रेटरीताई उठल्या, साउंडवाल्याकडे गेल्या, आणि तिथूनच माइकवर म्हणाल्या, "सर, एक मिनिट थांबा हं, ट्रॅक सुरू झालेला नाही."

हॉल हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. हे थांबले नाहीत. सगळी चीज वाजवली, ट्रम्पेटची जागा आली की थोडं मान वळवून डावीकडे बघायचे, जिथे कुणीच नव्हतं, आणि त्याला जागा करून द्यायचे. संपल्यावर नमस्कार केला. खाली आल्यावर वहिनी म्हणाल्या, "कशाला आलो आपण इथे?" ते म्हणाले, "अगं, बाप्पाला कळलं असेल."

एके दिवशी मीटिंगच्या आधी हात ठेवला, वाकून पाहिलं, पण "टेकतोय अजून" काही आलं नाही. मी समोरच होते. मी हळूच कागदाचं टोक त्यांच्या करंगळीजवळून हाताखाली सरकवलं. कागद आरपार गेला. "कागदच पातळ आहे," मी म्हणाले. ते म्हणाले, "राहू द्या मॅडम."

ऑपरेशनसाठी बरेच महिने वाट बघावी लागली. झालं तेव्हा बोटं सरळ झाली आणि आम्ही सगळे नाचलो. वहिनींनी ऑफिसात पुरणपोळ्या पाठवल्या. ते रात्री हाताला पट्टी बांधून झोपायचे, सांगितलेले व्यायाम करायचे, एकही चुकवायचे नाहीत. कधी नव्हे ते मीही देवाला बोलून ठेवलं होतं. पण वर्षभरात दोरी परत आली, जास्त कडक होऊन. डॉक्टर म्हणाले, पुन्हा कापता येईल, पण मग करंगळी कायमची ताठही होऊ शकते. मला वाटायचं, कुणाचा तरी दोष असावा आणि मी त्याला चांगलं सुनवावं. दोष कुणाचाच नव्हता. औषध नव्हतं, चूक नव्हती, दुखणंसुद्धा नव्हतं. समोर बसून बघत राहायचं, एवढंच माझ्या हातात होतं. मला ते सहन व्हायचं नाही.

तशा हाताने ते वाजवत राहिले. करंगळी सोडून, मग अनामिका सोडून, दोन बोटांवर. ईस्टरला तीन तासांवरच्या टौरंगाला जॅझचे कार्यक्रम असतात, तिथे त्यांच्या बँडला बोलावणं आलं. वहिनींची गाडी नेमकी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी आमची स्टेशन वॅगन काढली. बेस पुढची सीट पाडून आडवा, त्याची मान डॅशबोर्डपर्यंत. सीटबेल्टचा पों-पों आवाज थांबेना, म्हणून बेसला बेल्ट लावला. ते आणि वहिनी मागे अवघडून बसले. "त्याला एसी लागतोय का बघा," वहिनी मागून म्हणाल्या. सगळ्या वाटेने आम्ही हसत गेलो.

कार्यक्रम बंदराजवळच्या एका हॉलमध्ये होता. जॅझमधलं मला अजूनही फारसं कळत नाही, पण त्या दिवशी एक गोष्ट मलाही कळली. जलद चीज चालू होती. ते हात खाली सरकवायला गेले आणि आत वळलेली करंगळी शेजारच्या तारेत अडकली. एक भलताच सूर मोठ्याने वाजला. ट्रम्पेटवाल्याने वळून पाहिलं. त्यांनी बोट सोडवलं, पुढे चालू लागले. म्हाताऱ्या माओरी ड्रमवाल्याने मान वर केली नाही.

नंतर बाहेर गाडीपाशी तो ड्रमवाला आला, यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नो वन नोटिस्ड, मेट." आणि निघून गेला. हे मला म्हणाले, "त्याला ऐकू आलं. म्हणून तर सांगायला आला."

त्यानंतरही त्यांनी काही महिने काढले. मग एका सोमवारी डबा खाताना मला म्हणाले, "मी बँड सोडला काल."

"का? कुणी काही बोललं?"

"कुणी काही बोलत नाही, तेच. मी जे सूर गाळतो ना, तिथे तो म्हातारा पायाच्या ड्रमवर हलकेच ठोका देतो. माझ्या जागा भरतो. किती दिवस करत होता कुणास ठाऊक, मला काल ऐकू आलं." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "चालणाऱ्याला दुसऱ्याने उचलून न्यायचं म्हणजे काय अर्थ आहे मॅडम."

मी म्हणाले, काहीतरी होईल. काय होणार होतं? पण आपण असं म्हणतो.

त्या दिवाळीला वहिनींनी एक खटपट केली. हे घरी नुसते बसून असायचे, बेस कोपऱ्यात कपड्याखाली. वहिनींनी सेक्रेटरीताईंना सांगितलं की पहाटेच्या कार्यक्रमात तुमच्या गाण्यामागे यांना षड्ज-मध्यम धरू द्या. मोकळ्या तारा वाजवायला डावा हात लागत नाही. ताईंच्या फोनमध्ये तानपुरा होता, पण त्या मनाने चांगल्या. लगेच हो म्हणाल्या.

हे आले. ताईंच्या सुरात दोन तारा लावून घेतल्या आणि उजव्या हाताने सावकाश छेडत राहिले. ताईंनी ललत सुरू केला. खरं सांगते, हॉल भरून गेला त्या आवाजाने. पायाखालच्या लाकडातून तो सूर वर यायचा. लोकांनी डोळे मिटले. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याभोवती ही गर्दी. "काय घुमत होता हो," "तानपुरा झक मारतो याच्यापुढे." आणि सेक्रेटरीताई, अगदी मनापासून, "सर, आज खरं वाजवलंत तुम्ही."

"थँक यू ताई," ते म्हणाले.

मी पहिल्या रांगेत होते आणि मी त्यांचा डावा हात बघत होते. तो बेसच्या मानेवर होता. तारेला न टेकता, नुसता वरून, खाली-वर जात होता. दोन सरळ बोटं आणि दोन मिटलेली. मात्रेला एक जागा. ताईंच्या विलंबित ललतखाली ते त्यांची जलद चीज चालत होते, आणि हॉलमध्ये ती कुणालाही ऐकू येत नव्हती. मी डोळे पुसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ललत असाच असतो हो, रडवतो."

पुढच्या वर्षी ते रिटायर झाले आणि टौरंगाला मुलीजवळ राहायला गेले. बेस बँडच्या नव्या वादकाला देऊन टाकला. ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर वेलिंग्टनहून आलेला एक मुलगा बसतो. मीटिंगच्या आधी तो फोन बघतो.

२०१९च्या उन्हाळ्यात मी टौरंगाला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. वहिनींनी पोहे केले. नात तीन-साडेतीन वर्षांची, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिश. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो, आणि बोलता बोलता, जुन्या सवयीने, त्यांनी डावा हात पालथा टेबलावर ठेवला. वाकून बघितलं मात्र नाही. बघायची गरज नव्हती. करंगळी आणि अनामिका आत वळून तळव्याला भिडल्या होत्या, आणि तळवा टेबलापासून चांगला वर राहिला होता.

नात खुर्चीवर चढली. तिच्या हातात एक लाल मोटार होती. तिने ती टेबलावरून चालवत आणली आणि आजोबांच्या हाताखालून पलीकडे नेली.

"टनेल," ती म्हणाली. "डोन्ट मूव्ह, आजोबा."

"नाही हलत," ते म्हणाले.

तिने मोटार परत आणली, परत नेली. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांनी नळ सुरू केला. मी पोह्यांतले दाणे वेगळे करत बसले.

ते हात तसाच धरून होते. मग मान वाकवून त्यांनी डोळा टेबलाच्या पातळीला आणला, हाताखालून पलीकडे पाहिलं, आणि नातीला म्हणाले, "तुझा मोठा ट्रक आण. तोही जाईल."

ती धावत जाऊन ट्रक घेऊन आली. ट्रक आरामात गेला.