काळ्या उतारावरचा नारिंगी सूट

माझा नवरा कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पाइपलाइनी सांभाळायचा, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं स्पष्टीकरण त्याला पाइपांतच सापडायचं. तो चुकू शकतो हे मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. त्याला ते कळावं म्हणून मात्र मला थेट आल्प्समध्ये जावं लागलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ईद जानेवारीत यायची. मुलगा पुण्याला हॉस्टेलात, खैतानच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. एका ईदच्या सुट्टीत आठवडाभर ऑस्ट्रियाला गेलो. त्याला बर्फ बघायचा होता. मला जरा मोकळं व्हायचं होतं. कुवेतमध्ये गाडी तो चालवणार, बँकेत तो जाणार, माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, तोसुद्धा त्याच्याच नावावर.

तिथल्या दुकानात स्कीइंगचे कपडे भाड्याने मिळाले. दोघांनाही एकाच मापाचे नारिंगी सूट, कानटोपी आणि अर्धा चेहरा झाकणारे चष्मे. पोट खरं त्याचं मोठं, पण सूट इतका फुगीर की त्याने दोघांना समान न्याय दिला. आरशात आम्ही दोन गॅस सिलिंडर दिसत होतो.

पहिले चार दिवस मी शिकवणीला गेले. पांढऱ्या मिशांचा मास्तर मला सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं करायचा. मी पडायचे, पोरं खिदळायची, मी उठून पुन्हा पडायचे. पण उताराला आडवं उभं राहून हळूहळू खाली घसरायचं, एवढी एक गोष्ट मला झकास जमायला लागली. नवरा शिकवणीला फिरकलाच नाही. "घर्षण कमी, उतार जास्त. त्यात शिकायचं काय?" असं म्हणून तो खिडकीपाशी गरम चॉकलेट पीत बसला.

पाचव्या दिवशी त्याला स्फुरण चढलं. उतारांचा नकाशा त्याने टेबलावर पसरला. त्यावर निळ्या, लाल आणि काळ्या रेघा होत्या.

"हे बघ, निळी म्हणजे हवेची लाइन, तिच्यात प्रेशर असतं. लाल म्हणजे आग, तिकडे बघायचंच नाही. काळी म्हणजे ड्रेन. ड्रेनला उतार नेहमी हलका देतात."

"अहो, मास्तरांना एकदा विचारू या की."

"वीस वर्षं पाइपांचे रंग वाचतोय मी," तो म्हणाला.

तारेवरच्या पाळण्यात बसून आम्ही काळ्या रेघेच्या डोक्यावर पोचलो. कडेला जाऊन खाली पाहिलं, तर खाली काही नव्हतंच. म्हणजे उतार होता, पण पायापाशी सुरू होऊन लगेच दिसेनासा व्हायचा, गच्चीच्या कठड्यावरून वाकल्यासारखा. खूप खोलवर मुंग्यांएवढी माणसं हलत होती. नवऱ्याने बराच वेळ निरखून पाहिलं.

"ड्रेन जरा मोठा दिसतोय," तो म्हणाला. "चल, पाळण्याने परत जाऊ."

माझं डोकं फिरलं. वर यायचं याने ठरवलं, आता उतरायचंही यानेच ठरवलं.

"तुम्ही जा. मी येते इथून."

"वेड लागलंय का? हातपाय मोडले तर?"

"तर तुमच्याच इन्शुरन्सवर मोडतील."

तो गेला. मी उरले. पहिल्या दहा हातांतच मला माझा मूर्खपणा कळला, पण पुन्हा वर चढणं त्याहून अशक्य होतं. मग आडवी उभी राहून मी घसरायला लागले. थोडं डावीकडे, थांबायचं. थोडं उजवीकडे, पडायचं. एक मोठा तुकडा तर बसूनच उतरले. मध्येच रडूही आलं. रडता रडता नवऱ्याला नाशिकच्या अस्सल शिव्या घातल्या, खिशात दगड झालेला बेसनाचा लाडू चघळून खाल्ला आणि उठले. दीड तास लागला. शेवटच्या टप्प्यात खालची माणसं माणसांएवढी दिसायला लागली, तेव्हा मी काठ्या वर उचलल्या आणि स्वतःला सरळ सोडून दिलं. इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे.

खाली नवरा कॅमेरा घेऊन उभा होता. "चल, उशीर झाला," एवढंच म्हणाला. मला ते फार लागलं.

कुवेतला परतल्यावर रोल धुऊन आला. सुट्टीहून येणाऱ्याने शुक्रवारी चार घरांना जेवायला बोलवायचं आणि अल्बम फिरवायचा, हा आमच्या बिल्डिंगचा रिवाज. मी मिसळ केली होती. अल्बम खालच्या मजल्यावरच्या पुणेकर इंजिनिअरांच्या हातात होता. एका फोटोपाशी ते थांबले. पांढराशुभ्र कडा, आणि त्यावरून काठ्या उंचावून येणारा नारिंगी सूट.

"वा! काय हो, केवढा हा उतार!"

"काळा उतार," नवरा म्हणाला. "सगळ्यात अवघड."

"किती वेळ लागला?"

"दीड तास."

"मास्तर होता बरोबर?"

"छे."

मी कटाचं पातेलं घेऊन दारात उभी होते. तो एक शब्द खोटं बोलत नव्हता आणि कुणी काही समजून घेतलं तर अडवतही नव्हता. कुवेतमध्ये माझ्या नावावर म्हणून काही नव्हतं. हा दीड तास तेवढा होता, आणि तोही आता मिसळीबरोबर वाटला जात होता. रडू वगैरे नाही आलं, रागच आला.

"वहिनी, फोटो मस्त काढलात हं," पुणेकर म्हणाले. "जरासा हललाय, एवढंच."

मी पातेलं खाली ठेवलं.

"फोटो मी नाही काढला. फोटोत मी आहे."

सगळे खो-खो हसले. "वहिनी, परवा लिफ्ट बंद होती, तर तीन मजले चढताना तुम्ही दोनदा बसलात!" असं म्हणून पुणेकरांनी नवऱ्याकडे टाळीसाठी हात पुढे केला. त्याने नुसती टाळी दिली असती, तरी माझा दीड तास तिथेच संपला असता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने हातातला पाव ताटलीत ठेवला.

"हसू नका," तो म्हणाला. "मी पाळण्याने उतरलो. ही एकटी आली. फोटो मी काढलाय, आणि तो हललाय कारण माझे हात थांबत नव्हते."

पुणेकरांनी फोटो पुन्हा जवळ घेतला, खिशातून चष्मा काढून लावला आणि नीट पाहिला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, भीती नाही वाटली?"

मी वाढायचं सोडून खाली बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.